मानेतली शीर आणि माझी शुद्ध मराठी

फसलात की नाही

माझी जीभ पहिल्यांदा माझ्या ताब्यातून सुटली तेव्हा घरातले सगळे पोट धरधरून हसले.

सकाळी आम्ही चौघं चहाला बसलो होतो. मी, मुलगा प्रशांत, सून मनाली आणि नात इरा. प्रशांत न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनरच्या कामावर असतो, सुट्टीला घरी आला होता. मला म्हणायचं होतं, "मनाली, चहात साखर कमी पडली गं." तोंडातून आलं, "मनाली, चावीत बटाटा कमी पडला गं."

इरा खिदळली. मी वाक्य दुरुस्त करायला गेले तर आणखीच काहीतरी तिरपागडं बाहेर आलं. तेवढ्यात उजव्या हातातला पाव गळून चहात पडला आणि बुडाला.

"आई आज फॉर्मात आहे," प्रशांत म्हणाला.

त्यांना दोष देता येत नाही. नाटकं करण्याबद्दल मी आमच्या आळीत प्रसिद्ध आहे. विमा विकायला कोणी आलं की मला ऐकू येईनासं होतं. मनालीच्या माहेरची माणसं आली की मी तिला मीनाक्षी, मंदाकिनी, मालती अशा 'म'वरच्या सगळ्या नावांनी हाक मारते. बिचारे एकमेकांकडे बघायला लागले, म्हातारीचं काही खरं नाही असे चेहरे झाले, की मग हळूच "मनाली" म्हणते. अशा बाईच्या चावीत बटाटा कमी पडला तर घरच्यांनी काय समजावं?

दहा मिनिटांत जीभ जागेवर आली. हातातही बळ आलं. आतून मात्र मी थंडगार पडले होते. आणि सत्तरी ओलांडलेल्या, आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून सांगत आलेल्या या बाईने काय केलं? टाळी वाजवली आणि म्हणाली, "काय, फसलात की नाही!"

हे सगळं लिहायला घेतलं ते त्या चार शब्दांसाठी. ज्याला कोणाला असं दहा मिनिटांचं काही होईल, त्याने निदान माझ्यासारखं करू नये.

डोळे दाखवायला गेले

पुढचे बारा दिवस मी एका जागी बसले नाही. बसलं की भीती येऊन शेजारी बसायची, म्हणून उठायचं. अंगणातून पडवीत, पडवीतून परसात, परसातून पुन्हा अंगणात. नळाखाली भांडी धरली की पाण्याच्या आवाजात हळूच पाढे म्हणायचे. एकोणतीसचा, कारण तो अवघड. चहा डाव्या हाताने प्यायचा. इराने विचारलं, "आजी, डाव्या हाताने का गं?" म्हटलं, "उजव्याला सुट्टी दिलीय." पोरगी हसली. हसवलं की पुढचे प्रश्न येत नाहीत, हे मला फार लहानपणी कळलेलं.

तेराव्या दिवशी मासळीबाजारात हिरूबायच्या टोपलीसमोर वाकले होते. एकाएकी डाव्या डोळ्यावर वरून खाली राखाडी पडदा उतरला. दुकानाचं शटर उतरतं तसा, पण आवाज न करता. हातातलं पापलेट अर्धंच दिसायला लागलं. मी एक डोळा मिटून, मग दुसरा मिटून बघत होते, तर हिरूबाय म्हणाली, "मास्तरीणबाय, डोला मारतेस काय मना? भाव न्हाय कमी व्हायाचा."

आजूबाजूच्या बायका फिदीफिदी हसल्या. मीही हसले. पडदा पाचेक मिनिटांत वर गेला.

मोतीबिंदू असणार, असं मी ठरवून टाकलं. आमच्या वयाला मोतीबिंदू फार सोयीचा असतो, सगळं त्याच्यावर ढकलता येतं. मनालीला म्हटलं, उद्या अलिबागला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ.

डॉक्टरांनी डोळे तपासले. विचारलं, "पडदा बाजूने आला की वरून?"

"वरून."

"त्याआधी कधी हाताला, बोलण्याला काही?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले. मनाली शेजारीच होती.

डॉक्टर उठले आणि छातीला लावायची ती नळी त्यांनी माझ्या मानेला लावली. डावीकडे बराच वेळ ऐकलं. डोळ्यांचा डॉक्टर मान ऐकतोय, मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. ते म्हणाले, "मोतीबिंदू आहे थोडा, पण या प्रकरणात तो निर्दोष आहे. मानेतून मेंदूकडे आणि डोळ्याकडे रक्त नेणारी मोठी शीर असते, तिच्यात घोटाळा वाटतोय. मानेची सोनोग्राफी आजच करायची. उद्या नाही. आणि आजी, मी पुन्हा विचारतो. बोलण्याला कधी काही?"

तेव्हा मी चावी, बटाटा, पाव सगळं सांगितलं.

सोनोग्राफीत कळलं ते त्यांनी मास्तरणीला समजेल असं सांगितलं. शीर पेन्सिलीएवढी जाड असते. तुमच्या शिरेत आतून थर साठत साठत सुई जाईल एवढीच वाट उरली आहे. त्या थराचे बारीक कण सुटून वर गेले म्हणून बोलणं गेलं, म्हणून पडदा आला. दोन्ही वेळा कण विरघळले. तिसरा मोठा निघाला तर बोलणं कायमचं जाऊ शकतं, उजवं अंगही. ऑपरेशन करून तो थर काढायला हवा, याच आठवड्यात.

बाहेर बाकावर मनाली म्हणाली, "तुम्ही म्हणालात, फसलात की नाही."

"हो."

"आम्ही हसलो."

"हो गं."

"मी हसले, आई. तुमचं बोलणं जात होतं आणि मी समोर बसून हसले. आता हे मी कुठे ठेवू?"

परतीच्या वाटेवर रेवदंड्याचा पूल मागे पडला. मी गाडीत सारखी चुळबुळ करत होते, पदर सारखा करत होते, काच खाली-वर करत होते. शेवटी ती म्हणाली, "काच सोडा." तेवढंच.

सहा पानं

प्रशांतने नवी मुंबईत हॉस्पिटल बघितलं. ऑपरेशनच्या दोन दिवस आधी भरती केलं.

ज्यांना जावं लागणार आहे त्यांच्यासाठी सांगते, हॉस्पिटलात माणूस आजाराने कमी आणि वाट बघून जास्त दमतो. सकाळी बोटाला टोचतात. मग दंडाला पट्टा. मग कोणीतरी येऊन नाव विचारतं, जे मनगटावरच्या पट्टीवर लिहिलेलंच असतं. मग काहीच नाही. त्या काहीच नाहीमध्ये मी कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घातल्या. एका बाजूने एकशे बारा पावलं. परत येताना एकशे नऊ. का, ते शोधायला पुन्हा गेले. तीनदा सिस्टर म्हणाली, "आजी, बेडवर बसा." तीनदा बसले, तीनदा उठले.

दुपारी एक तरुण डॉक्टरीण आली. ती माझ्यासारख्या मानेचं ऑपरेशन होणाऱ्यांच्या रक्तावर अभ्यास करत होती.

"आजी, ऑपरेशनच्या आधी, दुसऱ्या दिवशी आणि तीन महिन्यांनी थोडं जास्तीचं रक्त घेतलं तर चालेल? नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही."

"आधी कागद दाखव."

सहा पानांचं संमतिपत्र होतं, मराठीत. बसायला कारण मिळालं म्हणून मी बसले, पर्समधलं लाल पेन काढलं आणि पहिल्यापासून तपासलं. अकरा ठिकाणी 'रूग्ण' लिहिलेलं.

"रुग्ण ऱ्हस्व असतो, बाळ. दीर्घ केलास तर आजार लांबतो."

ती खुर्ची ओढून बसली. 'रक्तवाहिनीच्या अंतःस्तराचे आरोग्य दर्शविणारे सूचक' म्हणजे काय, असं विचारल्यावर म्हणाली, "शिरेला आतून अस्तर असतं. ते बिघडायला लागलं, सुजलं की रक्तातल्या काही गोष्टी कमीजास्त होतात. त्या खुणा मोजायच्या. शीर उघडून न बघता नुसत्या रक्तावरून तिची तब्येत कळते का, हे बघतोय आम्ही."

"मग खूण म्हण की सरळ."

खूण मला कळते. माझा बापूस तांडेल होता, म्हणजे बोटीवरचा म्होरक्या. पाण्याखालचा खडक त्याला कधी दिसला नाही. किनाऱ्यावरच्या देवळाचा कळस आणि मागच्या डोंगरावरचा एकटा ताड एका रेघेत आले की तो म्हणायचा, जाळं उचला, खाली खडप हाय. कळस म्हणजे खडक नव्हे, ताडही नव्हे. पण त्यावरून जाळी वाचायची.

"मग माझ्या खुणा काय म्हणतात?" मी विचारलं. "परवा टेबलावर माझी बोलती बंद होणार का?"

"ते नाही सांगता येत, आजी. एकट्या माणसाचं नाही. खूप जणांचं रक्त एकत्र बघितलं तर काही दिसेल. त्याचा उपयोग तुमच्यानंतरच्यांना." असं म्हणून तिने पटकन जीभ चावली.

मी सही केली. तीन नळ्या भरून गडद लाल रक्त ती घेऊन गेली, आणि मला फार राग आला. माझं रक्त, माझ्या खुणा, आणि वाचता मात्र मला येत नाहीत. पुन्हा एकशे बारा पावलं.

ती बाई

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी भूल देणारे डॉक्टर आले. तरुण, हसतमुख, मराठवाड्याकडचे. म्हणाले, पूर्ण भूल देणार नाही, मानेपुरतीच देऊ. शीर साफ करताना ती थोडा वेळ बंद ठेवावी लागते. तेवढ्या वेळात मेंदूला दुसऱ्या बाजूने रक्त पुरतंय की नाही हे कळण्याचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे तुम्ही जाग्या राहून बोलत राहायचं. उजव्या हातात एक रबरी बदक देऊ, दाबलं की वाजतं. सांगितलं की दाबायचं. बोलणं बिघडलं किंवा बदक गप्प झालं, तर लगेच शिरेत तात्पुरती नळी घालून रक्त चालू करू. पण त्या नळीचाही धोका असतो, ती घालताना कण सुटू शकतात. म्हणून गरज नसताना घालायची नाही.

मनाली दाराशी उभी होती. चार दिवसांत ती पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलली, तेही त्यांच्याशी. "डॉक्टर, ह्या नाटकं करतात. मुद्दाम चुकीचं बोलतात. तुम्हाला कळणार नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "आजी, टेबलावर गंमत नाही. शब्द द्या."

"दिला."

मग त्यांनी मला दहा-पंधरा प्रश्न विचारले, गोष्ट सांगायला लावली, आणि लिहून घेतलं. "वा, काय स्वच्छ बोलता. अगदी पुस्तकासारखं. बरं झालं, जरा जरी बदल झाला तरी लगेच कळेल."

एवढ्या घाबरलेल्या अवस्थेतही मी खुश झाले. म्हणजे मी नाही, ती झाली. माझ्या आत एक बावीस वर्षांची बाई राहते. खळ घातलेली साडी, ताठ मान, हातात पट्टी. कोळीवाड्यातून शिकून मास्तरीण झालेली पहिली मुलगी, त्यामुळे नाक असं वर की पाऊस पडला तर पाणी आत जावं. आमच्याकडची पोरं 'हाय, न्हाय, व्हय' म्हणायची. ही महामाया त्यांना पाटीवर पन्नास पन्नास वेळा 'आहे, नाही, होय' लिहायला लावायची. रात्री स्वतः उशीत तोंड खुपसून 'मला, मला, मला' घोकायची, झोपेत 'मना' निघू नये म्हणून. लग्नही शेजारच्या गावातल्या शिक्षकाशीच केलं. तो 'मी आपणास विचारू इच्छितो' असं बोलायचा, म्हणून. पुढे चाळीस वर्षं तो तसंच बोलला आणि मला पुरेपूर शिक्षा झाली.

एकदा माझी आई मासळीची टोपली घेऊन शाळेच्या दाराशी आली. "पोरी, बांगडं हायत ताजं. घेतंस का?" सगळा वर्ग बघत होता. आणि ती ताठ मानेची बाई स्वतःच्या आईला म्हणाली, "आई, 'हायत' नाही. 'आहेत'."

आईने टोपली खाली ठेवली. कमरेवर हात ठेवले. "बरं बाई. बांगडं आहेत. डोळं आहेत, शेपटं आहेत. घेतेस का आहेस?"

अख्खा वर्ग हसत सुटला. मी तेव्हा रडले होते. आता आठवलं की त्या बाईच्या डोक्यावर ती टोपली पालथी करावीशी वाटते.

बदक

ऑपरेशन सकाळी होतं. मान उजवीकडे वळवून, वर निळं कापड टाकलं. कापडाच्या तंबूत मी, औषधाचा वास आणि हातात बदक. मानेत टोचलेलं कळलं, मग नुसतं ओढल्यासारखं, दाबल्यासारखं. पाय हलवायचे नव्हते. आयुष्यात मला एवढं स्थिर कोणी ठेवलं नव्हतं.

सर्जन म्हणाले, "आता शीर बंद करतोय."

भूलवाले डॉक्टर माझ्या तोंडाशी वाकले. "आजी, नाव सांगा."

सांगितलं.

"बदक."

चूं.

"नातीचं नाव?"

"इरा."

"दुखतंय का?"

"न्हाय."

"काय म्हणालात?"

"न्हाय दुखत. मना तहान लागलीय."

"आजी, नीट बोला. 'नाही' म्हणा."

मी म्हणायला गेले. तो शब्द मला समोर दिसत होता. फळ्यावर, माझ्याच वळणदार अक्षरात, दीर्घ ईकारासकट. तो माझ्याकडे बघत होता आणि तोंडापर्यंत येत नव्हता. "न्हाय," मी म्हटलं. "न्हाय. न्हाय येत."

आता खरं सांगते. त्या क्षणी माझं मलाच कळत नव्हतं, बोलणं जातंय की नुसती घाबरलेय. अख्ख्या आजारपणात यापेक्षा वाईट क्षण आला नाही.

"सर, बोलणं बदललंय," डॉक्टर म्हणाले. "काल अगदी स्पष्ट होतं. शब्द घसरतायत."

"बदक?" सर्जननी विचारलं.

चूं. मी जीव खाऊन दाबलं.

"हात ठीक आहे. पण बोलणं..."

"गंमत तर करत नाहीत ना? घरच्यांनी सांगितलं होतं."

"आजी, गंमत करताय?"

"न्हाय रं बाबा!"

"नळी तयार ठेवा," सर्जन म्हणाले.

आणि तेवढ्यात पायाकडून एका बाईचा आवाज आला. "सर, एक मिनिट. घसरत नाहीयेत. ह्या आमच्याकडचं बोलतायत."

ती तिथली सिस्टर होती, उरणकडची. कापडाच्या कडेने तिचे नुसते डोळे दिसले. "आजी, कंच्या गावची गो तू?"

"मुरूडकडची."

"तुजा बापूस काय करायचा?"

"तांडेल व्हता. एकच बोट, पन सगल्यांच्या फुडं जायाचा."

"मासली काय गावायची?"

"घोल, सरंगा, रावस. तू कवा खाल्लास काय रावस? का निसती कोलंबीवर दिस काढतेस?"

"बरं, जवला कंच्या झाडाला लागतो गो?"

"जवला दर्यात गावतो. झाडाला तुजा डाक्टर लागतो!"

"सर," सिस्टर म्हणाली, "एक शब्द चुकलेला नाही. उलट मलाच बोलल्या, आणि तुम्हालाही."

कापडापलीकडे कोणीतरी हसलं. सर्जन म्हणाले, "नळी राहू दे. सिस्टर, तुम्ही इथेच थांबा आणि ह्यांच्याशी बोलत राहा. हसवू नका, मान हलते."

पुढचा सगळा वेळ ती डोक्याशी उभी राहिली. सुकट कशी वाळवायची, तिच्या सासूचं आणि तिचं काय बिनसलंय, जाळ्याला गाठ कशी मारतात, सगळं झालं. मधून मधून बदक वाजत होतं. पन्नास वर्षांत मी इतका वेळ सलग माझ्या आईच्या भाषेत बोलले नव्हते. ताठ मानेची ती बाई कुठल्या कोपऱ्यात जाऊन बसली होती, देव जाणे.

नंतर त्यांनी मला बाटलीत काढून ठेवलेला थर दाखवला. पिवळट, पापुद्र्याचा, माशाच्या खवल्यांसारखा. एवढासा. भूलवाले डॉक्टर कागदावर काहीतरी लिहीत होते. मी बघायला मागितलं. कालच्या नोंदीखाली त्यांनी लिहिलं होतं: पेशंट दोन मराठी बोलतात.

जीभ दाखवा

पहिले दोन दिवस आवाज घोगरा होता, मानेत निचऱ्याची नळी, गिळताना दुखायचं. दर तासाला कोणीतरी यायचं. हसून दाखवा. हात वर करा. जीभ बाहेर काढा. शाळेत जीभ काढणाऱ्याला मी बाकावर उभं करायची. इथे मोठमोठ्या डॉक्टरांना बिनदिक्कत जीभ दाखवली आणि सगळे "छान, छान" म्हणाले. या एका गोष्टीसाठी तरी ते दोन दिवस मला हवेत.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरीण रक्त न्यायला आली. तीन महिन्यांनी पुन्हा गेले, तेव्हाही तीच होती. नव्या संमतिपत्रात रुग्ण ऱ्हस्व झाला होता. मी विचारलं, "माझ्या खुणा?" ती म्हणाली, "अजून मोजतोय, आजी." सर्जननी मात्र मला कळणारं सांगितलं. शीर मोकळी आहे. चरबीचा आकडा खाली आलाय. गोळ्या चालू ठेवायच्या, तंबाखूची मिश्री बंद म्हणजे बंद, दुसऱ्या बाजूची शीरही दरवर्षी बघायची.

बरं होणं म्हणजे काय, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. मी समजत होते, टाके निघाले की भीतीही निघेल. आता रोज कुठला तरी शब्द अडतो. या वयात कोणाचा अडत नाही? पण चाळणीला काय म्हणतात ते दोन क्षण आठवलं नाही तर मी एकोणतीसचा पाढा सुरू करते. मी उठते, अंगणात जाते, परत येते.

मनालीने घरात एक नियम केला. माझं काही वेगळं वाटलं तर आधी हसायचं नाही. आजीने दोन्ही हात वर करायचे, हसून दाखवायचं, एक पूर्ण वाक्य बोलायचं. एक जरी चुकलं, तर बरं व्हायची वाट न बघता तडक हॉस्पिटल. आणि माझ्यासाठी एक कलम: नावं चुकवण्याची मस्करी कायमची बंद. मी खूप रडगाणं गायलं. विमावाल्यांपुरतं बहिरेपण तेवढं ठेवू दिलं.

माणगावला

मागच्या महिन्यात मनालीच्या भावाच्या मुलीचा साखरपुडा होता, माणगावला. हॉलमध्ये गर्दी. तिच्या माहेरची एक काकू, माझी सगळी नाटकं बघितलेली, समोर आली. सोबत नवीन कोणीतरी पाहुण्या होत्या. मी मनालीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ही आमची सून..."

आणि पुढे काही नाही. पांढरं. मीनाक्षी आलं, मालती आलं, मंदाकिनी आलं. ती गेली अठरा वर्षं माझ्या घरात आहे.

"अगं बाई, अजून तश्शाच आहात!" काकू टाळी देत हसल्या. "पाहुण्यांनाही सोडत नाहीत!"

मला किती सोपं होतं. नुसतं डोळे मिचकावायचं. चार शब्द तयार होते ओठांवर.

मनाली हसली नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"खरंच येत न्हाय गं," मी म्हटलं.

"आई, हात वर."

भर हॉलमध्ये, पैठणी नेसून, मी दोन्ही हात वर केले. सनईची कॅसेट चालू होती. लोक बघायला लागले, कोणीतरी मोबाइल काढला. मनालीने दोन्ही हातांची उंची बघितली, तिच्या बोटांनी माझे तळवे दाबून बघितले.

"हसा."

हसले.

"वाक्य."

"माझे हात दुखायला लागलेत आणि सगळं माणगाव माझ्याकडे बघतंय." मग एक श्वास घेतला. "मनाली."

काकूंचा चेहरा उतरला होता. मनालीने मोबाइलवर वेळ बघितली, बाजूला जाऊन अलिबागच्या डॉक्टरांना फोन लावला, सगळं क्रमाने सांगितलं. परत आली तेव्हा म्हणाली, "ते म्हणतात नुसतं नाव अडलं, बाकी सगळं ठीक आहे, तर बहुतेक विसरणंच असेल. तरी उद्या सकाळी दाखवायचं. आत्तापासून तासभर मी लक्ष ठेवायचं. काही झालं तर इथूनच थेट हॉस्पिटल."

"आणि जेवण?"

"चला. माझ्या डाव्या बाजूला बसा. तुमचा उजवा हात मला दिसायला हवा."

पंगतीत ती स्वतःचं ताट विसरून माझ्या बोटांकडे बघत राहिली. वरणभात, मग पुरी, मग बासुंदीची वाटी. मी मुद्दाम सावकाश जेवले, तिला नीट बघता यावं म्हणून.